पेटी उघडलीत, आता वाटणीची घाई नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या एका चुलत आजीने लग्न केलं नव्हतं. तिच्या पश्चात तिची पेटी तुमच्याकडे आली. आत फितीने बांधलेल्या गड्ड्यांमध्ये 180च्या आसपास पत्रं, एक खिशातलं घड्याळ, चांदीची डबी, हस्तिदंती कंगवा, रेशमी शाल आणि बरेचसे नावं नसलेले फोटो. पणजोबा सगळ्यांचे एकच, पण त्यांच्या तीन मुलांची घरं आता चार देशांत पांगली आहेत. बातमी कळल्यापासून कधी न बोलणारी चुलतचुलत भावंडंही फोन करू लागली आहेत. एक गट म्हणतो, पत्रं सारखी वाटून घेऊ. एक भाऊ म्हणतो, सगळी लॅमिनेट करून टाकू, म्हणजे कायमची टिकतील.

माझं उत्तर आधीच सांगते. पत्रं वाटू नका. वस्तू वाटायला हरकत नाही, पण नोंद आणि फोटो झाल्याशिवाय एकही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. आणि लॅमिनेशन अजिबात नको.

जुने कागद जपण्याचं काम मी गेली सव्वीस वर्षं करते आहे. काही कुटुंबं वाटणीच्या आधी सल्ला विचारायला येतात. त्याहून कितीतरी जास्त वाटणीनंतर येतात, तुटलेलं जुळवता येईल का हे बघायला. त्यातलं एक उदाहरण तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्या घरातली माणसं समजूतदार होती, भांडण काहीच नव्हतं, तरीही नुकसान झालं ते झालंच.

त्यांनी अगदी न्यायाने वाटणी केली होती. कागद मोजले, तीन ढीग केले, तीन घरांनी एकेक घेतला. पण मोजताना एक कागद म्हणजे एक पत्र असं धरलं गेलं आणि पुष्कळ पत्रं दोन-दोन, तीन-तीन कागदांची होती. त्यामुळे एका घरात पत्राचा मायना राहिला आणि दुसऱ्या घरात सही. पाकिटं निरुपयोगी म्हणून तिकिटं जमवणाऱ्या एका मुलाला दिली, त्याने तिकिटं कापून घेतली आणि पाकिटं फेकली. आता पत्र लिहिणाऱ्याला वरच्या कोपऱ्यात तारखेऐवजी नुसता वार लिहायची सवय होती. साल आणि गाव होतं ते फक्त पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात. म्हणजे त्या दिवशी शेकडो पत्रांच्या तारखा केराच्या टोपलीत गेल्या.

त्यांच्याकडेही एक घड्याळ होतं. ज्या घरात ते गेलं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की खापरपणजोबांनी ते पहिल्या कमाईतून विकत घेतलं. तिन्ही घरांतले कागद एकत्र आणून मी टेबलावर जुळवत होते, तेव्हा दुसऱ्याच घरातल्या एका सुट्या पानावर त्या घड्याळाचा उल्लेख सापडला. ते त्यांनी विकत घेतलेलं नव्हतंच. आजारपणात गेलेल्या धाकट्या भावाचं ते घड्याळ होतं, आणि थोरला रोज रात्री त्याला किल्ली देत होता, पण स्वतः वापरत नव्हता. घड्याळ एका घरात, पान दुसऱ्या घरात, आणि ते पान ज्या पत्रातलं, त्याचं पाकीट कायमचं गेलेलं. त्यामुळे हे कोणत्या वर्षीचं, हे आजही सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की जपायचा तो कागद आणि वस्तू यांच्यातला दुवा. दफ्तरखान्यात काम करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एका ठिकाणाहून आलेले कागद दुसरीकडच्या कागदांत मिसळू नयेत असा नियम फ्रान्समध्ये 1841 साली सरकारी परिपत्रकाने घालून दिला. ज्या क्रमाने कागद मुळात ठेवले होते तो क्रमही मोडू नये, हे प्रशियाच्या दफ्तरखान्याने 1881मध्ये त्याला जोडलं. घरातल्या पेटीलाही हेच लागू पडतं. तुमच्या आजीने कुणाची पत्रं कुणाच्या पत्रांबरोबर बांधली, कोणती गड्डी तळाशी ठेवली, कोणत्या पाकिटात फोटो सरकवला, हे सगळं तिनेच सांगून ठेवलेलं आहे. फीत सोडून पत्रं तारीखवार लावली की ते पुसलं जातं, आणि पुन्हा मिळवता येत नाही.

हिशोबाच्या दृष्टीनेही बघा. पणजोबांना तीन मुलं, प्रत्येकाला तीन, त्यांना पुन्हा तीन-तीन धरली तर तुमच्या पिढीत 27 जण होतात. 180 पत्रं 27 जणांत म्हणजे वाट्याला सहा-सात. पुढच्या पिढीत त्यांची दोन-दोन होतील. कुणी कुणाला लिहिलं हेही ज्याला कळत नाही त्याच्या हाती दोन पिवळे कागद आले, तर घर बदलताना तो ते टाकून देणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आता प्रत्यक्ष काम. पेटी आत्ता जशी आहे तसा तिचा वरून फोटो घ्या. मग एकेक थर काढताना पुन्हा फोटो. प्रत्येक गड्डीला अक्षर द्या, गड्डीतल्या प्रत्येक पत्राला क्रमांक, आणि पत्र व पाकीट यांना एकच क्रमांक. क्रमांक शक्यतो पत्र ठेवायच्या कागदी फोल्डरवर घाला. पत्रावर घालायचाच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेन त्या टेबलाच्या आसपाससुद्धा नको. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून काम करा. सुती हातमोजे लोक फार प्रेमाने आणतात, पण कागदासाठी ते वाईटच. बोटांना कडा जाणवत नाही आणि कागद फाटतो. मोजे लागतात ते फोटो आणि धातूच्या वस्तूंना.

घडी उघडणं हे सगळ्यात नाजूक काम आहे. पत्र टेबलावर ठेवा, हातात धरून उघडू नका. एका हाताची बोटं घडीच्या अलीकडे सपाट टेकवा आणि दुसऱ्या हाताने वरचा पदर हळूहळू उचला, अर्धा आला की थांबा. घडीच्या रेषेवर बारीक भोकं दिसू लागली, किंवा कागद करकरला, तर तिथेच सोडा. जितकं उघडेल तितकंच आज उघडायचं. टाचणी गंजून कागदात रुतली असेल तर ओढू नका. गंजाचा तुकडा कागद घेऊनच बाहेर येतो. टाचणीच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवून कागद झाकला की मग टाचणी हळूहळू सोडवता येते. रबरबँड वितळून चिकटला असेल तर तो तसाच राहू द्या आणि जाणकाराला दाखवा.

पाण्याची वाफ देऊन कागद मऊ करायचा उपाय इंटरनेटवर सगळीकडे सांगितलेला असतो. तो तुम्ही करू नका, कारण तुमची शाई कोणती ते अजून ठरलेलं नाही. जुनी पत्रं बहुतेक करून मायफळ आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांच्यापासून केलेल्या शाईने लिहिलेली असतात. ही शाई वाळल्यावर काळी दिसते, वर्षांनी तपकिरी होते. तिच्यात आम्ल असतं आणि लोह असतं, आणि दोन्ही मिळून कागद खातात. दाट लिहिलेल्या शब्दाच्या मागे तपकिरी सावली दिसते, पुढे अक्षराच्या आकाराचं भोकच पडतं. ओल मिळाली की हे लोह अक्षराबाहेर पसरतं आणि शेजारचा निरोगी कागदही खायला लागतं. जांभळी शाई असेल तर गोष्ट वेगळी. 1856मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि त्यानंतरच्या दशकांत तसल्या रंगांच्या शाया आल्या. त्यांतल्या पुष्कळशा पाण्याच्या एका थेंबाने पसरतात आणि उन्हात उडून जातात.

यातून तारखा लावायलाही मदत होते, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. टपाल तिकीट 1840मध्ये आलं, पोस्टकार्ड 1869मध्ये. पाकीट नाही, कागदाचीच घडी करून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहिलेला आहे, तर पत्र बहुधा जुनं. लाकडाच्या लगद्याचा कागद 1840च्या दशकातल्या शोधानंतर हळूहळू सगळीकडे पसरला. त्याआधीचा कागद चिंध्यांपासून व्हायचा. म्हणूनच पणजोबांच्या वडिलांचं पत्र मजबूत आणि पांढरट, आणि आजोबांचं मात्र पिवळं, कडा मोडणारं, असं उलटं चित्र पुष्कळ घरांत दिसतं. बॉलपेनची विक्री मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती 1945 साली. तेव्हा 1915ची तारीख असलेलं पत्र बॉलपेनने लिहिलेलं दिसलं तर ती नंतर कुणीतरी करून ठेवलेली नक्कल आहे. नक्कल म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. हे पत्र कुणाला इतकं महत्त्वाचं वाटलं की त्याने बसून उतरवून घेतलं, हेही शोधण्यासारखं आहे.

लॅमिनेशनबद्दल तुमच्या भावाचा हेतू चांगला आहे, म्हणून कारण नीट सांगते. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत वितळून बसतं आणि ते सुरक्षितपणे काढता येत नाही. कागदातलं आम्ल आतच कोंडलं जातं. 1930च्या दशकात विल्यम बॅरो यांनी अमेरिकेत सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन कागदपत्रांसाठी आणलं, मोठमोठ्या दफ्तरखान्यांनी ते वापरलं, आणि पुढे त्याच कागदांवरून ते थर सोडवण्याचं किचकट काम जतनकारांच्या वाट्याला आलं. तेव्हाच्या उत्तमातल्या उत्तम तज्ज्ञांची ही गत, तर दुकानातल्या यंत्राची काय सांगावी! चिकटपट्टीचंही तेच. ती 1930मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून फाटलेल्या पत्रांवर सर्रास लागली. तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. फाटलेलं पत्र दोन तुकड्यांतच ठेवा. हाताळावंच लागत असेल तर पॉलिएस्टरच्या स्वच्छ पारदर्शक पाकिटात ठेवा, कडा उघड्या राहू द्या. वास येणारं मऊ पीव्हीसी प्लास्टिक मात्र नको.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, तळघरात नाही, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. माणसांच्या वावरातल्या खोलीतलं आतल्या भिंतीकडचं कपाट सगळ्यांत बरं. 20 अंशांच्या आसपास तापमान आणि 40 ते 50 टक्के आर्द्रता मिळाली तर उत्तमच, पण नेमक्या आकड्यापेक्षा एकदम होणारे चढउतार टाळणं जास्त महत्त्वाचं आहे. आम्लरहित कागदाचे फोल्डर, त्यांत पत्रं शक्य तितकी सपाट, आणि तसाच खोका. कसर किंवा दुसरी कीड दिसली तर नुसती पत्रं घट्ट बंद पिशवीत घालून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरेल. औषधं फवारू नका. ओली, केसाळ बुरशी दिसली तर ते कागद वेगळे काढा आणि घरात झटकू नका.

मग वाटायचं काय? वाटायच्या त्या प्रती, सगळ्यांना सगळ्या. प्रत्येक पत्र 400 डीपीआयने (म्हणजे इंचाला 400 ठिपके) स्कॅन करा, दोन्ही बाजू, कोरी असली तरी, आणि पाकीटही दोन्ही बाजूंनी. मूळ फाइल टिफ या, चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवा, पाठवायला हलकी प्रत वेगळी. स्कॅनरवर दाबता येणार नाही असं पत्र फोनने काढा, अगदी सरळ वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. फाइलच्या नावात आधी गड्डी आणि क्रमांक, मग साल-महिना-दिवस. तारीख अंदाजाची असेल तर तसं लिहा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावात. तुमच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण भाऊबंद चार देशांत आहेतच. पत्रं टाइप करायचं काम भावंडांत वाटून द्या. जसं लिहिलंय तसंच उतरवायचं, चुकांसकट. लागत नसलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंस टाकायचा, अंदाजाने भरायचं नाही. माझा अनुभव असा, की मूळ पत्रांसाठी हटून बसलेली माणसं स्वतः दहा पत्रं उतरवल्यावर मूळ कुठे ठेवायचं याबद्दल खूप मवाळ होतात. त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालेलं असतं.

वस्तूंकडे वळू. चांदीची डबी काळी पडली म्हणून घासून लखलखीत करू नका. प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते आणि आधी जातात ती कोरलेली नावं. रबर आणि लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते, तेव्हा त्यांत गुंडाळू नका. रेशमी शालीला बफर केलेला, म्हणजे खडूसारखा क्षार घातलेला आम्लरहित कागद चालत नाही, साधा आम्लरहित लागतो. वर्षातून एकदा घड्या बदला आणि घडीत कागदाची गुंडाळी घाला.

घड्याळाची तबकडी मात्र आधी नीट बघा. साधारण 1910च्या दशकापासून 1960च्या दशकापर्यंत पुष्कळ घड्याळांच्या आकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावत. आता ते चमकत नसलं तरी धोका गेलेला नसतो. चमकणारा पदार्थ झिजतो, रेडियम नाही. त्याचं अर्धआयुष्य 1600 वर्षांचं आहे. मागचं झाकण किंवा काच घरी उघडू नका, मुलांना खेळायला देऊ नका, आणि दुरुस्तीला नेताना कारागिराला आधी सांगा.

हस्तिदंती कंगवा परदेशातल्या बहिणीला टपालाने पाठवायचा विचार असेल तर थांबा. वन्यजीवांच्या व्यापाराचा साइटिस हा आंतरराष्ट्रीय करार 1975पासून लागू आहे, आणि आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावरची बंदी 1989मध्ये ठरून 1990पासून अमलात आली. वारसा म्हणून आलेली वस्तूही परवान्याशिवाय सीमेवर जप्त होऊ शकते. कासवाच्या कवचाच्या वस्तूंनाही असेच नियम आहेत. ज्या देशात वस्तू आहे त्याच देशातल्या भावंडाकडे ती राहू द्यावी, हा सरळ मार्ग.

वस्तू कुणाकडे जावी हे ठरवताना किमतीपेक्षा पत्रांत तिचा उल्लेख कुणाच्या संदर्भात येतो ते बघा, म्हणून पत्रं आधी वाचा आणि वाटणी नंतर करा. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्या: ही कुणाची, कुणाकडून कुणाकडे आली, हे कोणी सांगितलं, आणि कोणत्या क्रमांकाच्या पत्रात तिचा उल्लेख आहे. ऐकीव असेल तर ऐकीव असं स्पष्ट लिहा.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. अलेक्झांडर पोप या कवीने आपली पत्रं छापणाऱ्या प्रकाशकावर दावा लावला, तेव्हा 1741मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने हा भेद मान्य केला. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं चालतो, पुष्कळ देशांत 70. घरातल्या घरात प्रती देणं वेगळं. पण पुस्तक काढायचं किंवा सगळ्यांना दिसेल असं टाकायचं, तर पत्रलेखकाच्या शाखेला विचारा.

आणि पत्रांत काय निघेल ते सांगता येत नाही. लपवलेला आजार, मोडलेलं लग्न, कुणाचं तरी मूल कुणीतरी वाढवलेलं. अशी पत्रं मी एकही फाडू दिलेली नाही, तुम्हीही फाडू नका. ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतील तर ती पत्रं बंद पाकिटात वेगळी ठेवा, वर क्रमांक आणि किती सालापर्यंत उघडायचं नाही ते लिहा, आणि सामायिक प्रतींमधून ती तेवढ्यापुरती वगळा. हे एकट्याने ठरवू नका, तिन्ही शाखांतला एकेक माणूस बसवा.

त्याच बैठकीत एक पानाचा करार करा. मूळ पत्रं कुणाकडे राहतील, बघायला कुणाला कधीही येता येईल, ठेवणाऱ्याला जमेनासं झालं तर पुढे कुणाकडे जातील, आणि घरात घेणारं कुणीच उरलं नाही तर कोणत्या दफ्तरखान्याला किंवा ग्रंथालयाला द्यायची. संस्थेला देताना देणगी आणि नुसती ठेव यांतला फरक आधी समजून घ्या. ठेव परत मागता येते, देणगी येत नाही. पत्रं आळीपाळीने दरवर्षी एकेका घरात फिरवायची कल्पना कुणीतरी मांडेलच. ती मान्य करू नका. मी पाहिलेली बहुतेक गहाळ पत्रं प्रवासात गेली आहेत.

हे सगळं काम वर्षभर चालेल. पण त्यातला एक तुकडा या आठवड्यातच करा. नावं नसलेल्या फोटोंना क्रमांक देऊन, दोन्ही बाजूंचे फोटो काढून, तिन्ही शाखांतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला पाठवा, मग फोन करा. चेहरे ओळखणारी ती कदाचित शेवटचीच माणसं आहेत. त्यांच्या परवानगीने बोलणं रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक फोटोकडे वळताना त्याचा क्रमांक तुम्ही मोठ्याने म्हणा, म्हणजे कोणती आठवण कोणत्या फोटोची ते नंतर ऐकताना जुळवता येईल.